'एसीत बसून लिहिलंय' म्हणणाऱ्या वाचकांना

"बँक लांब म्हणून गरीब माणूस तिच्याबाहेर राहतो, आणि तुम्ही एसीत बसून त्यालाच आर्थिक साक्षरतेचे धडे देता." गरिबाला बँकेपेक्षा बँकेची माहिती कमी पडते, या माझ्या गेल्या लेखावरची ही तुमची प्रतिक्रिया. आधी एसीचं बोलू. डिचोलीतल्या आमच्या घरात पंखा आहे, तोही वीज असली तर फिरतो. मतभेद असू देत, पण समोरच्याची चेष्टा केल्याशिवाय तुम्हाला ते मांडताच येत नाहीत का?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या आतल्या वाड्यांवरून वाळपईला बँकेत यायचं तर दिवस मोडतो, हे मान्य. पण बँक दारात आली की प्रश्न मिटला, हे मला सांगू नका. माझे वडील बँकेसाठी पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करायचे. मासळीवाल्या बायका ओल्या हातानं नोट काढून द्यायच्या आणि पावतीवरचा आकडा त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायच्या. अक्षर येत नसे, पण हिशेब चोख. म्हणजे बँक रोज त्यांच्या पाटीपाशी येत होती. तरी घरात लग्न निघालं की त्याच बायका सावकाराकडे जायच्या, कारण पिग्मीवर कर्ज मिळतं हे त्यांच्या कानावरच नव्हतं. वडिलांनी तरी सांगितलं होतं का, असं विचाराल. त्यांना ठेवी आणण्याचं कमिशन होतं, सल्ला देण्याचं नव्हतं.

आजचं बघा. जनधन 2014 साली आलं, शून्य शिलकीवर खाती उघडली गेली. आमच्या शेजारच्या वहिनींच्या खात्यात गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे 1500 रुपये येतात. एकदा मे अखेरीला त्यातून 20 रुपये कापले गेले आणि बँकेनं पैसे खाल्ले म्हणून त्या तावातावानं माझ्याकडे आल्या. पासबुकातली इंग्रजी नोंद बघितली, तर तो सुरक्षा विम्याचा हप्ता, अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना दोन लाख देणारा. मुलांना त्याचा पत्ताच नाही. उद्या काही झालं तर दावा करणार कोण? बँक त्यांच्या घरापासून चार पावलांवर आहे हो!

बाकी केवायसीचे हेलपाटे, कर्मचाऱ्यांची वागणूक वगैरे तुम्ही बरंच लिहिलंय. तो माझ्या लेखाचा विषयच नव्हता. आणि शेवटी 'अभ्यास वाढवा' असा सल्ला दिलाय, तो राहू द्या. तुम्ही आधी लेख तरी शेवटपर्यंत वाचा. वहिनींचा विमा त्यात तिसऱ्याच परिच्छेदात होता.