तेव्हाही खडक होताच, भाऊ

भाऊ, तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली. उत्तराला दोन दिवस लागले, कारण तुमच्या रागात एक खरा प्रश्न आहे आणि तो घाईत उरकायचा नव्हता. विदर्भातल्या विहिरी-बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड, म्हणजे जास्त झालं की दात आणि हाडं बिघडवणारा क्षार, मुख्यतः खडकातून उतरतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सुपर फॉस्फेट खत, वीटभट्ट्या आणि कोळशाची राख यांकडे बोट दाखवून म्हणता, "खडकावर खापर फोडून तुम्ही खतवाल्यांना आणि कारखानदारांना मोकळं सोडलं. आमचे आजोबा याच गावचं पाणी पिऊन नव्वदीपर्यंत ताठ चालले. तेव्हा खडक नव्हता का?"

खडक होता. पण आजोबा त्याच गावात वेगळं पाणी पीत होते.

त्यांची विहीर तीस-चाळीस फुटांची असणार. यंदा पडलेला पाऊस मुरमातून झिरपून वर्ष-दोन वर्षांत विहिरीत येतो आणि उपसला जातो. त्याची खडकाशी पुरती ओळखही होत नाही. बोरिंग जातं दोनशे फुटांच्या खाली, अखंड खडकातल्या बारीक भेगांत. तिथलं पाणी वर्षानुवर्षं दगडाला घासून बसलेलं असतं. आपलं नागपूर दोन खडकांच्या शिवेवर आहे. सीताबर्डीची टेकडी काळ्या पाषाणाची, दख्खनच्या लाव्ह्याची. शहराच्या पूर्वेला मौद्याकडे निघालात की खाली ग्रॅनाइटच्या जातकुळीचा, पट्ट्यापट्ट्यांचा जुना खडक लागतो. त्याचा ताजा तुकडा उन्हात धरा, काळ्या अभ्रकाच्या चकत्या चमकतात. फ्लोराइड दडलंय ते त्या अभ्रकात, हॉर्नब्लेंडमध्ये, ॲपेटाइटमध्ये आणि कुठे कुठे फ्लोराइट नावाच्या खनिजात. खोलवरचं पाणी अल्कधर्मी झालं की त्यातला हायड्रॉक्सिल आयन अभ्रकात शिरतो आणि तिथला फ्लोराइड आयन पाण्यात येतो. दोघांचा आकार जवळजवळ सारखा, म्हणून ही अदलाबदल सहज होते.

आता यातली सगळ्यात फसवी गोष्ट सांगतो. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला फार वाढू देत नाही; दोघं मिळून फ्लोराइट होऊन खाली बसतात. पण खोलवरच्या पाण्यातलं कॅल्शियम चिकणमातीसारख्या खनिजांत अडकतं, त्याच्या जागी सोडियम येतं आणि फ्लोराइडला आडकाठी उरत नाही. म्हणजे जास्त फ्लोराइडचं पाणी पुष्कळदा मऊ, कमी कॅल्शियमचं असतं. चंद्रपूर जिल्ह्यात माझ्या मामाच्या गावी हे मी चुलीपाशी बसून पाहिलंय. मामी पिण्याचा गुंड बोरिंगवरच भरायची. विहीर अंगणापासून पन्नास पावलांवर, पण "विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही रे, बोरिंगचं पाणी गोड आहे," म्हणायची. साबणालाही फेस यायचा. मी फ्लोराइड तपासायचं किट घेऊन गेलो आणि दोन्ही पाणी नळ्यांत भरून त्यात लाल द्रावणाचे थेंब टाकले. विहिरीच्या नळीत गुलाबी रंग टिकला. बोरिंगची नळी बघता बघता पिवळी पडली, म्हणजे फ्लोराइड जास्त. मामी कितीतरी वेळ त्या नळीकडे बघत राहिली. मग तिने नातवाला हाक मारली, त्याचा ओठ वर करून दात दाखवले आणि विचारलं, "हे त्याचंच का?" दातांवर खडूसारखे पांढरे आडवे पट्टे होते. मी हो म्हणालो.

म्हणून खतांचा मुद्दा मी खडकाच्या मागे ठेवतो. सुपर फॉस्फेट ज्या दगडापासून बनतं त्यात फ्लोराइड असतंच, हे तुमचं बरोबर. पण खत वरून येतं. ते पाण्यात उतरलं तर आधी उथळ विहीर बिघडेल आणि सोबत नायट्रेटही वाढेल. मामीच्या गावात उथळ विहीर चांगली आणि खोल बोरिंग वाईट, हे उलटं चित्र खालून आलेल्या फ्लोराइडचं आहे. शिवाय भारतात फ्लोराइडमुळे होणाऱ्या या आजाराची, फ्लोरोसिसची, पहिली शास्त्रीय नोंद १९३७ सालची, मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातली. तेव्हा तिथल्या शेतात सुपर फॉस्फेट आजच्याइतकं कुठे पडत होतं? वीटभट्ट्या आणि कोळशाची राख यांबद्दल मात्र तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. कोळशातही फ्लोराइड असतं, म्हणून वीजकेंद्रांच्या राखेच्या तलावाजवळच्या विहिरी वेगळ्या तपासायला हव्यात. तेवढी ओळ माझ्या लेखात हवी होती.

आणखी एक चूक माझीच. लेखाच्या शेवटी मी "हे निसर्गाचं देणं आहे" असं लिहिलं होतं. ते वाक्य मी मागे घेतो. फ्लोराइड खडकात लाखो वर्षं पडून होतं, आपल्याकडे फारसं कुणाच्या ताटात आलं नव्हतं. ७२ च्या दुष्काळानंतर राज्यभर बोरिंगं खणली गेली तेव्हा ते वर आलं. खणणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. उघड्या पायऱ्यांच्या विहिरींतून नारू होत होता, पटकी पसरत होती. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला, त्यात या हातपंपांचा वाटा आहे. पण जंतू नाहीत एवढं पाहून पाणी चांगलं ठरवलं आणि फ्लोराइड पुष्कळ ठिकाणी कुणी मोजलंच नाही. खडकातून आलं म्हणून कुणाची जबाबदारी संपत नाही, हे तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं.

आजोबांच्या विहिरीवरही डोळे मिटून विश्वास नको. नेल्लोरला १९३७ साली लोक साध्या विहिरींचंच पाणी पीत होते. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडे काळ्या पाषाणाच्या मुलखातही फ्लोराइड सापडलंय. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगलं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. चव, वास, रंग यांतून काही कळत नाही. उकळून तर ते वाढतं, कारण वाफ जाते आणि फ्लोराइड भांड्यात राहतं. तुरटी आणि चुन्याने ते काढायची नालगोंडा पद्धत आपल्याच नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने बसवली. पण तुरटी किती घालायची हे प्रत्येक पाण्यागणिक बदलतं आणि खालचा गाळ रोज कुठेतरी नीट टाकावा लागतो. गावात हे रोज करणारं माणूस नसेल तर टाकी नुसती उभी राहते. त्यापेक्षा जिथे विहीर चांगली निघते तिथे ती उपसून, झाकून पिण्यासाठी ठेवावी आणि बोरिंगचं पाणी धुण्याभांड्यांना वापरावं, असं मला वाटतं. मामीच्या घरी आता तसंच आहे. डाळ ती रात्रीच भिजत घालते.

तुमच्या गावचं पाणी मी पाहिलेलं नाही, तेव्हा वाद इथेच थांबवून एक विनंती करतो. बोरिंग आधी पाच मिनिटं हापसा. मग प्लास्टिकची लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. काच नको, फ्लोराइड काचेला लागतं. दुसरी बाटली आजोबांच्या विहिरीची. दोन्हींवर तारीख आणि खोली लिहून जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या आणि फ्लोराइडसोबत नायट्रेट, कॅल्शियमही मागा. विहिरीचा आकडा बोरिंगपेक्षा जास्त आला तर इथेच लिहा, मी लेख दुरुस्त करीन.