पन्नास रुपयांचा कोड

साडेअकरा वाजलेत, सकाळी ऑफिस आहे, तरी लिहायला बसलोय कारण हे डोक्यातून गेल्याशिवाय झोप लागणार नाही.

संध्याकाळी आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा वर आला. बारावीत आहे, नाव लिहीत नाही, त्याच्या घरी कळायला नको. तोंड एवढंसं झालेलं. दिवाळीत आजीने आणि मामाने हातावर ठेवलेले पैसे साठवून साठवून त्याने जेल रोडवरून जुना निन्टेंडो स्विच (गेम खेळायचं यंत्र) घेतलाय आणि आता त्याला एका गेमचं कार्ट्रिज हवंय जे इंदुरात कुठेच मिळत नाहीये. निन्टेंडो भारतात अधिकृत विकतच नाही, म्हणजे जे काही येतं ते बाहेरूनच, दुकानदाराने आणलं काय आणि आपण मागवलं काय. तर याने गेमवाल्यांच्या एका ग्रुपवर विचारलं की बाहेरून गेम पाठवणाऱ्या एका साइटचा डिस्काउंट कोड आहे का कुणाकडे. एकाने इनबॉक्स केलं, पन्नास रुपये यूपीआय कर, देतो. याने केले. कोड आला, टाकला, तर एक्सपायर्ड. परत मेसेज करायला गेला तर ब्लॉक.

मी म्हणलं जाऊ दे रे, पन्नास रुपयेच गेले, धडा मिळाला. तर तो काय म्हणाला माहितीये? म्हणाला, दादा, पैशाचं नाही, मला वाटलं कोड विकतच घ्यायचे असतात, तुम्ही पण विकतच घेता का?

हे लागलं मला. खरंच लागलं.

कारण मला माझा पहिला कोड आठवला. २०१८, नवीन नोकरी, हातात चौदा हजार यायचे, त्यातले सहा घरी द्यायचो. पीएस४, म्हणजे प्लेस्टेशन, मित्राकडून हप्त्याने घेतलेला. एक जपानी गेम होता जो इथल्या दुकानांत आलाच नाही, त्याची एशिया व्हर्जन हाँगकाँगहून मिळत होती, इंग्रजीत. महिनाभर कार्टमध्ये टाकून ठेवलेला, रोज उघडून बघायचो. शेवटी एका ग्रुपवर भीत भीत विचारलं की कोड आहे का. पाच मिनिटांत ग्वाल्हेरच्या एका गृहस्थांचा मेसेज, मराठीत. पन्नाशीचे असतील, शाळेत शिकवतात म्हणाले. पाच डॉलर कमी होणारा कोड होता, तेव्हाचे सव्वातीनशे रुपये. नुसता कोड देऊन थांबले नाहीत हो! अर्धा तास टाइप करत बसले माझ्यासाठी. की पेमेंट डॉलरमध्येच करा, साइट रुपयांत दाखवते तो रेट महाग पडतो. कार्डवर बँक फॉरेन मार्कअप, म्हणजे परदेशी पेमेंटचा जादा चार्ज लावते, साडेतीन टक्क्यांच्या आसपास आणि त्यावर जीएसटी, ते आधीच धरा. कुरियर घेऊ नका, ते कस्टम ड्यूटीच्या वर आपला वेगळा चार्ज लावतात, साधं रजिस्टर्ड पोस्ट घ्या, वेळ लागेल पण लागू दे. डिस्क चालेल कारण पीएस४ ला रीजन लॉक नाही, कुठल्याही देशाची डिस्क लागते, पण पुढे डीएलसी, म्हणजे गेमचा जादा भाग घ्यायचा झाला तर भारताच्या अकाउंटवर चालणार नाही, डिस्क जिथली तिथलंच अकाउंट लागतं. हे सगळं मला कोण सांगणार होतं?

आणि एक गोष्ट तर कायमची लक्षात राहिली. ग्रुपवर दुसरे लोक सांगत होते पार्सलवर गिफ्ट लिहून मागव, पाच हजारांच्या आत ड्यूटी लागत नाही. ग्वाल्हेरचे काका म्हणाले, असं करू नका, आपण विकत घेतोय तर गिफ्ट कसं? ड्यूटी धरून परवडत असेल तरच घ्या. (ती गिफ्टची सूट तशीही डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने काढून टाकली, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. अजूनही लोक हा सल्ला देतात, नका देऊ.)

आता हे बघा आणि तो पन्नास रुपयेवाला बघा.

कोड म्हणजे असतं तरी काय? दुकान स्वतःहून वाटतं ते. मेलवर येतो, पहिल्या ऑर्डरला मिळतो, सेल लागला की मिळतो. तुला फुकट आलेली गोष्ट तू एका बारावीच्या पोराला विकतोस, तीही शिळी? आणि वर त्या ग्रुपमध्ये, मी आत्ता जाऊन वाचलं, खाली चार जणांनी लिहिलंय की फुकट्यांना लाज नाही, गेम परवडत नसेल तर खेळू नये. अरे कोण तुम्ही ठरवणारे? पीएस५ ची नवीन डिस्क पाच हजारांची झाली, ज्या घरात महिन्याचा किराणा तेवढ्यात बसवतात त्या घरातल्या मुलाने कोड विचारला तर तो फुकट्या? माझ्या ओळखीतल्या कुणीही हे लिहिलं असेल तर कृपा करून मला अनफ्रेंड करा, मनापासून सांगतोय.

आमची आजी रामबागेतल्या वाड्यात राहायची. क्लॉथ मार्केटमधून कापड घेऊन आली की घरात शिरायच्या आधी ओट्यावर बसून सगळ्या बायकांना सांगायची, अमक्या दुकानात जा, अमक्या भावाने दिलं मला, माझं नाव सांग म्हणजे तुलाही देईल. कुणाकडून चहाचीसुद्धा अपेक्षा नव्हती. स्वस्त कुठे मिळतं हे सांगणं म्हणजे शेजारधर्म होता. आपण सगळे याच घरांतून आलोय ना?

हो, मान्य आहे, काही कोड एकदाच चालतात आणि उघड टाकले की कुणीतरी अनोळखी झटकन वापरून टाकतो, माझेही गेलेत असे. आणि हो, सगळ्यांनी बाहेरून मागवलं तर आपल्या इथल्या गेमच्या दुकानदारांनी काय करायचं हाही प्रश्न आहे, जे इथे मिळतं ते मी इथूनच घेतो. रेफरल लिंक टाकणाऱ्यांवर पण माझा राग नाही, फक्त आधी सांगा की या लिंकवरून मला दोन पैसे मिळतात, माणूस आनंदाने क्लिक करेल. लपवून का टाकता.

पण त्या स्वस्तात गेमच्या 'की' (गेम चालू करायचे नंबर) विकणाऱ्यांना मी यात धरत नाही बरं का. त्या कुठून कुठून आलेल्या, चोरीच्या कार्डांवर घेतलेल्यासुद्धा असतात, त्यांचा ज्याने गेम बनवला त्याला उलट भुर्दंड पडतो. ते आणि डिस्काउंट कोड एक नाही. पीसीवर खेळणाऱ्यांना तर त्याची गरजच नाही, स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात २०१५ च्या नोव्हेंबरपासून रुपयांत किमती आहेत, सेल लागतात, नाही आवडला तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत. एपिक हे तसलंच दुसरं दुकान दर आठवड्याला फुकट गेम देतं. थांबायची तयारी पाहिजे फक्त.

चिडून लिहायला बसलो होतो, पण टाइप करता करता सारखं तेच पार्सल डोळ्यासमोर येतंय. पाच आठवडे लागले होते. मी ऑफिसला निघत होतो आणि पोस्टमन दारात, हातात पिवळं पाकीट आणि ड्यूटीची पावती, चौदाशेच्या आसपास. आईने दार उघडलेलं. तो आईला विचारतोय, "माताजी, हाँगकाँग में कौन है आपका?" आई घाबरली, तिला वाटलं काहीतरी भलतंच प्रकरण आहे. मी पैसे मोजून दिले, पूर्ण रक्कम आधीच बाजूला काढलेली होती कारण काकांनी सांगितलं होतं, नाहीतर त्या दिवशी पोस्टमनसमोर आईकडे हात पसरावा लागला असता. सव्वातीनशे रुपये वाचले ते वाचलेच पण ही जी लाज वाचली ना त्याची किंमत मला आज कळतेय. त्यांना फोटो पाठवला डिस्कचा. उत्तर आलं, छान, आता पुढच्या वेळी कुणी विचारलं तर तुम्ही सांगा. त्यानंतर एक-दोनदाच बोलणं झालं, मग तो ग्रुपच बंद पडला. नंबर कधी मागितलाच नाही मी. ग्वाल्हेरचं कुणी हे वाचत असेल आणि ओळख पटत असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

तर आज त्या मुलाला घेऊन बसलो तासभर. आधी त्याला सांगितलं की स्विचच्या कार्ट्रिजना रीजन लॉक नाही, जपानचं स्वस्त मिळालं तर चालेल पण डब्याच्या मागे इंग्रजी आहे का ते बघायचंच, सगळ्यांत नसतं. त्याचा एक मित्र जपानमधून स्विच २ मागवायच्या बेतात आहे, तिथे २०२५ मध्ये ४९,९८० येनला आलेला तो, स्वस्त म्हणून. त्यालाही निरोप धाडला की थांब, तो फक्त जपानी भाषेचा आहे आणि अकाउंटही जपानचंच लागतं. मग कागदावर हिशेब केला, किंमत, पोस्ट, मार्कअप, ड्यूटी. चारशे रुपये कमी पडत होते. पोरगं म्हणालं ठीक आहे दादा, पुढच्या महिन्यात घेईन. मी देतो म्हणालो तर नको म्हणाला, बाबांना आवडणार नाही. मला आवडलं ते. मग मेल धुंडाळली तर मला एक कोड आलेला होता, मागच्याच आठवड्यात, उघडूनही बघितला नव्हता मी. तो टाकला. कमी पडणारे चारशे अडीचशेवर आले. अडीचशे तो जमवतो म्हणाला शनिवारपर्यंत, कोड रविवार रात्रीपर्यंत चालतोय.

कितीही जणांना चालतो तो, एका अकाउंटवर एकदा. खाली कमेंटमध्ये टाकतोय. ज्याला हवा त्याने घ्या, मला विचारायची गरज नाही, फक्त चालेनासा झाला की लिहा म्हणजे मी तिथून काढीन, उगाच कुणी ताटकळत नको बसायला.