मायका जळालाय

आमच्या घरचा मायक्रोवेव्ह सासऱ्यांनी दिवाळसणाला दिलेला, त्यामुळे बिघाड मशीनचा असला तरी चूक जावयाची हे पहिल्या दिवसापासनं ठरलेलं. नऊ वर्षं बिचाऱ्यानं कुरकुर केली नाही. मग जुलैमधली एक संध्याकाळ, बाहेर आपल्या बेळगावचा चार-चार दिवस न थांबणारा पाऊस, मी फ्रिजमधला कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, वाटीत घेऊन तीस सेकंद लावले आणि आतनं तडतड आवाज येऊन ठिणग्या उडायला लागल्या, कुणीतरी आत बसून लवंगी माळ लावलीय असं. मी प्लग ओढला. कुंदा मात्र खाल्ला, गारच.

मेकॅनिक आला. त्यानं पिशवीतनं पेचकस बाहेरसुद्धा काढला नाही. कलिंगड बघतात तसं वरनं दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "मॅग्नेट्रॉन गेलाय, परवडणार नाही, नवीन घ्या." व्हिजिटचे दोनशे. त्या दोनशे रुपयांचा जो राग आला, पुढचं सगळं त्या रागातनं झालंय हे आधीच सांगतो.

रात्री टॉर्च घेऊन आत बघितलं. उजव्या भिंतीला पोस्टकार्डाएवढा एक चंदेरी-राखाडी पत्रा असतो, पत्रा कसला, अभ्रकाचा कागद. मॅग्नेट्रॉनमधनं लहरी त्याच्या मागनं आत येतात आणि वाफ-तेल तिकडं जाऊ नये म्हणून तो लावलेला असतो. त्यावर अन्न उडतं, करपतं, करपलं की कोळसा होतो आणि कोळशावर ठिणगी पडते. आमच्या कागदाला चक्क आठ आण्याएवढं भोक पडलं होतं आणि भोवती नऊ वर्षांचं तूप. या कागदाला दुकानात मायका म्हणतात. मी आनंदानं आतनंच ओरडलो, "अगं, मायका जळालाय!"

"माझ्या माहेरावर जायचं काम नाही," बायको म्हणाली. "दिलं ते दिलं, आणि कुंदा गरम करायला कोण गेलं होतं?"

हे मिटवायला अर्धा तास गेला.

दुसऱ्या दिवशी खडेबाजारात. पहिल्या दुकानात "इल्ल्री", म्हणजे नाही, दुसऱ्यात "मॉडेल नंबर सांगा", तिसऱ्यात "नाळे बर्री". म्हणजे उद्या या, पण ते उद्या कॅलेंडरात नसतं हे बेळगावात राहणाऱ्याला सांगायला नको. चौथ्या दिवशी साठ रुपयांना शीट मिळाली. ती आपल्या मापानं कापावी लागते. मी कात्री घेतल्यावर बायकोनं ती हातातनं काढून घेतली, जुना कागद वर ठेवून ब्लाऊजचं कटिंग करतात तसं पेन्सिलीनं आखलं आणि असं कापलं की चपखल बसलं. ठिणग्या बंद. इथं थांबायला पाहिजे होतं.

पण दार दोनदा थापटल्याशिवाय तो चालू होत नव्हता, ते पण आत्ताच करून टाकू म्हटलं. दाराच्या खटक्यामागं तीन छोटे मायक्रोस्विच असतात, त्यातला एक झिजलेला. त्यासाठी बाहेरचं कव्हर काढायचं, आणि कव्हरला स्टार स्क्रू, त्या स्टारच्या मध्ये टिकली. टिकली असल्यामुळं साधा स्टार पाना जात नाही. म्हणजे कंपनी सांगतीय, बाबा नको उघडू. मी पाना विकत आणला.

नशीब म्हणजे शेजारचे काका लाईनमन होते, रिटायर झालेत. कव्हर निघालं तसे ते गॅलरीतनंच ओरडले, "हात लावू नकोस! कपॅसिटर हाय त्यात!"

"काका, प्लग काढून दोन दिवस झालेत की."

"ते त्याला कुणी सांगितलंय?"

त्या कपॅसिटरच्या डब्यावर एकवीसशे व्होल्ट छापलेलं होतं. प्लग काढला तरी हा आत करंट धरून बसू शकतो आणि माणूस जाऊ शकतो. काकांनी मला एक हात खिशात घालून लांब उभं केलं, स्वतःची हत्यारं आणून तो रिकामा केला, मग म्हणाले, "आता तू फक्त स्विचकडं बघायचं, दुसरीकडं बघायलास तर वैनींना हाक मारीन."

स्विचसाठी परत खडेबाजार. दुकानदार विचारतो, "कोल्हापूरचा पाहिजे की हुबळीचा?" सीमाप्रश्न २००४ पासनं सुप्रीम कोर्टात आहे, म्हटलं त्यात माझ्या मायक्रोवेव्हची भर नको, जो आधी येईल तो द्या. हुबळीचा आला. अकरा दिवसांनी.

तिन्ही स्विच दिसायला जुळे भाऊ. मी तिन्ही काढून ताटात ठेवले, फोटो काढला नाही, मधी फोन आला, आणि परत बसवताना कुठला कुठं गेला देवाला माहिती. प्लग लावला, दार उघडलं-झाकलं, फट्! फ्यूज गेला. मग काकांनी समजावलं की त्यातला एक राखणदार असतो, दार उघडं असताना बाकीचे चिकटून बसले तर तो मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो पण भट्टी चालू राहू देत नाही. मी त्यालाच भलत्या जागी बसवलं होतं.

"घरात एक तरी असा पाहिजे," आई म्हणाली. कुणाकडं बघून म्हणाली ते लिहीत नाही.

तशी आईचा मायक्रोवेव्हवर विश्वास नव्हताच. दाराच्या जाळीतनं किरणं बाहेर येतात हे तिचं ठाम मत. मी सांगितलं, आई, ती लहर बारा सेंटिमीटरची, जाळीचं भोक मिलिमीटरचं, कशी येईल? "मुंगी येतीय की," आई म्हणाली. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दोन फ्यूज, एक पाना, मायका, स्विच आणि चार वेळा खडेबाजारला पेट्रोल, हिशेब बायकोनं फ्रिजवर चिकटवलाय, मी बघत नाही.

शेवटी गुरुवारी रात्री चाचणी. कव्हर बंद, सगळे स्क्रू लावलेले, आत एक कप पाणी, एक मिनिट. बायको आणि आई सोप्यात दाराच्या आड, काका गॅलरीत, मी बटण दाबून तीन पावलं मागं. दिवा लागला, ताटली फिरली, ठिणगी नाही, आवाज गोड. अठरा सेकंद राहिले होते आणि खट्कन सगळं काळोख.

मी जागच्या जागी बसलो. बायको काहीच बोलली नाही, त्याची जास्त भीती वाटली. खिडकीतनं बघितलं तर अख्खी गल्ली अंधारात, पलीकडची पण. तेवढ्यात वरच्या मजल्यावरनं कुणीतरी ओरडलं, "काय ओ, मायक्रोवेव्ह लावलात काय?"

काळोखात आई चाचपडत स्वयंपाकघरात गेली, दार उघडल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही.

"गरम हाय की रे," आई म्हणाली. "बोट भाजलं."