म्हणे, साताऱ्यात कुठं थंडी पडते!

आता पुन्हा कुणी मला ‘साताऱ्यात कुठली आलीय थंडी, काश्मीर आहे का हे’ म्हणालं ना, तर त्याला जानेवारीत पहाटे वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर नेऊन उभा करणार आहे. पायात चप्पल आणि उघड्या हातात माझा ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड. मग विचारतो, कशी काय थंडी?

आम्ही लग्नाचे फोटोग्राफर, आमचं पोट लग्नसराईवर, आणि लग्नसराई म्हणजे ऐन गारठा. तुळशीचं लग्न लागलं की ऑर्डरी सुरू. प्री-वेडिंग कुठं, तर कृष्णेवर, सूर्य उगवायच्या वेळी, धुक्यात. धुकं दिसायला झकास असतं हो, पण ते पाणीच आहे ना शेवटी! बारीक थेंबांचं, हवेत तरंगणारं. नवरी शालीत, नवरदेव जाकिटात, मेकअपवाली ताई काचा लावून गाडीत बसलेली. कॅमेरा मात्र तासभर उघड्यावर. का, तर ‘त्याला कुठं थंडी वाजते ओ!’

वाजते. बॅटरीला वाजते. गारठ्यात लिथियम बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध, म्हणजे आतून येणाऱ्या विजेला होणारा अडथळा, वाढतो. जोर लावला की व्होल्टेज खाली बसतं आणि कॅमेऱ्याला वाटतं, संपली ही. तीच बॅटरी काढून शर्टाच्या आतल्या खिशात अंगाला लावून ठेवा, थोड्या वेळानं परत बऱ्यापैकी चार्ज दाखवते. म्हणजे संपलेली नसतेच. जुनी बॅटरी असेल तर हा तमाशा जास्त. आणि कंपनी छापते ना, एका चार्जमध्ये इतके फोटो, ते आकडे सीआयपीए नावाच्या जपानी संघटनेच्या नियमानं काढलेले असतात, २३ अंशांच्या खोलीत बसून! त्या खोलीत माझी पार्टी कधी लग्न करणार आहे का? मी खिशातून बॅटरी काढून बदलायला लागलो की नवरीचे मामा लगेच, ‘काय ओ, रात्री चार्जिंगला लावली नव्हती का?’

बरं, बॅटरीचं एकवेळ निभावतं. डोक्यात जातं ते पुढचं. हे घाटावरचं गार झालेलं सामान गाडीच्या डिकीत टाकून आम्ही मंगल कार्यालयात पोचतो. आत माणसं खच्चून भरलेली, प्रत्येकाचा श्वास, शेजारी भटारखाना, भाताच्या पातेल्याचं झाकण उघडलं की वाफेचा लोट थेट हॉलमध्ये. तिथं गार कॅमेरा बाहेर काढला की उन्हाळ्यात फ्रिजमधल्या बाटलीला सुटतं तसं त्याला पाणी सुटतं. पुढच्या काचेवर तर येतंच, पण व्ह्यूफाइंडरवर, स्क्रीनवर, बटणांच्या फटीतही येतं. आतलं दिसत नाही म्हणून लोकांना ते नाहीच असं वाटतं.

उपाय साधा आहे. बाहेर असतानाच कॅमेरा हवाबंद पिशवीत घालायचा, चेन पक्की लावायची आणि आत आल्यावर पिशवी न उघडता ठेवून द्यायची. पाणी सुटायचं ते पिशवीला बाहेरून सुटतं, आतली हवा घाटावरची गारच असते. कॅमेरा खोलीइतका कोमट झाला की मग उघडायचा. मोठी लेन्स असेल तर तासभरसुद्धा लागतो. मेमरी कार्ड तेवढं आधीच काढून घ्यायचं, म्हणजे बसल्या बसल्या फोटो उतरवून होतात. बास, एवढंच. पण हा एक तास मला कोण देणार? मी पिशवी टेबलावर ठेवली की मामा हजर. ‘ओ फोटोग्राफर, पुडी बांधून काय ठेवलाय? पाहुणे आले, काढा की!’ आणि एका ठिकाणी तर मी अंतरपाटाच्या बाजूला लाइट लावत होतो तेवढ्यात एका उत्साही दाजींनी स्वतःच चेन उघडून कॅमेरा बाहेर काढला. मदत म्हणून! काच धुरकट झाली. दाजींनी तिच्यावर आणखी ‘हाऽऽ’ करून तोंडाची वाफ सोडली आणि खिशातल्या रुमालानं खसाखसा पुसली. त्याच रुमालानं आधी कपाळाचा गंध पुसलेला. लेन्सवर गुलाबी फराटा! त्यांचा चेहरा मात्र काय ओ, जसं काही उपकारच केले.

लॉनवरच्या रात्रीच्या हळदीबद्दल तर बोलूच नका. दहा वाजले की दव पडायला लागतं. खुर्च्या ओल्या, गाद्या ओल्या, फ्लॅशच्या ट्रिगरवर थेंब. ड्रोन हट्टाला पेटतो, बॅटरी गार आहे म्हणून उडायलाच तयार नाही. मग मी दोन्ही बॅटऱ्या काखेत धरून डीजेसमोर उभा, आणि पार्टीतली पोरं हसतात.

आणि महाबळेश्वर! टीव्हीवर ‘वेण्णा लेकवर हिमकण’ असं झळकलं की दुसऱ्या दिवशी फोन. दादा, बर्फात फोटो काढू. वेधशाळेचा पारा शून्याच्या वरच असतो, तरी गवतावर, गाड्यांच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. कारण पारा मोजतात जमिनीपासून चारेक फूट वर, पेटीत. निरभ्र रात्री जमीन उष्णता आभाळात सोडून देते आणि गार हवा उतरून तळ्याकाठच्या खोलगट भागात साचते. म्हणजे ‘आज सात अंश आहे, काही होत नाही’ हे पार्टीचं गणित तिथं गवतावर गुडघे टेकून बसल्यावर चुकतं. मोजणारे उभे राहून मोजतात, आम्ही बसून काढतो. शिवाय ऊन वर आलं की थर तासाभरात गायब. तेवढ्यात साडी बदलायची असते, केसांतला गजरा बदलायचा असतो. ‘थांबा ना दादा, दोनच मिनिटं.’ अगं बाई, मी थांबतो, बर्फ कसा थांबेल?

सल्ले देणारे तर उदंड. शेकोटीजवळ धरा म्हणे जरा. रबर आणि वंगण तापवून घ्यायचं आहे का? हेअर ड्रायर मारा म्हणे, म्हणजे बाहेरची वाफ नीट आत ढकलली जाईल. तांदळात पुरून ठेवा म्हणे. तांदळाची पावडर लेन्सच्या जोडात गेली की ती तुमच्या आत्याबाई काढायला येणार आहेत का? त्यापेक्षा बुटांच्या खोक्यातल्या ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, मला द्या, सामानाच्या डब्यात टाकतो.

आणि एवढं सगळं होऊन कॅमेरा खरंच बसला, की पुण्याची वारी. काउंटरवरचा पोरगा खोलून बघणार आणि मान हलवणार. ‘सर, आत मॉइश्चर आहे, वॉरंटीत बसत नाही.’ अरे बाबा, पाण्यात टाकला नाही रे मी, लग्नात नेला! त्याला त्याचं काय. बिल माझ्या नावावर. पार्टीला सांगावं तर ‘मागच्या वेळचा फोटोग्राफर तर असलं काही बोलायचा नाही’ आणि वर पाच हजार कमी करा.

यंदापासून मी ऑर्डरच्या कागदावर लिहूनच घेतो. पहाटेच्या शूटवरून आल्यावर एक तास कॅमेरा बंद राहील. नको असेल तर शूट उन्हं वर आल्यावर. पिशवीला दुसऱ्या कुणी हात लावला तर दुरुस्तीचा खर्च पार्टीचा. खाली सही. परवाच्या पार्टीतल्या मामांनी कागद वाचला आणि म्हणाले, ‘हे जरा जास्तच होतंय बघा.’ म्हटलं होऊ द्या, सही करा आधी.