होपी चांदीकाम "हजारो वर्षांचं" नाही, आणि त्याने काही बिघडत नाही

अमेरिकेतल्या होपी या मूळनिवासी जमातीच्या काळ्या-चंदेरी दागिन्यांच्या फोटोखाली तीन दावे सगळीकडे फॉरवर्ड होतायत: कला हजारो वर्षं जुनी आहे, नक्षी कोरून त्यात काळा रंग भरतात, आणि फिरोजा नसेल तर माल नकली. तिन्ही चूक आहेत.

आधी वय. ॲरिझोनातली होपी गावं खूप जुनी, ते खरंय, पण चांदीकाम तिथे १८९८ च्या सुमारास आलं, लान्याडे नावाच्या झुनी (शेजारची मूळनिवासी जमात) कारागिराने सिक्याताला या होपी माणसाला शिकवलं, आणि लान्याडे स्वतः नवाहो या आणखी एका शेजारच्या जमातीतल्या कारागिराकडून शिकलेला. फोटोतली स्टाइल तर त्याहून नवी. १९३८ मध्ये फ्लॅगस्टाफच्या म्युझियम ऑफ नॉर्दर्न ॲरिझोनाने होपी कारागिरांना सुचवलं की नवाहो-झुनींसारखं करत बसू नका, तुमच्या मडक्यांवरची, टोपल्यांवरची नक्षी चांदीत आणा. मग दुसरं महायुद्ध आलं. १९४७ ला पॉल सॉफकी आणि फ्रेड काबोटी या होपी कलाकारांनी युद्धावरून परतलेल्या होपी जवानांचे क्लास घेतले, सॉफकी धातूकाम शिकवायचे, काबोटी डिझाइन, आणि त्यातूनच १९४९ मध्ये कारागिरांची सहकारी संस्था उभी राहिली. आता कोणी म्हणेल मग ही म्युझियमचीच कला झाली, तर तेही मला अजिबात पटत नाही, कारण सल्ला बाहेरचा असला तरी नक्षी त्यांच्या घरातली होती आणि ती चांदीत उतरवून त्यावर पोट भरायची वाट त्यांनीच काढली.

कोरून रंग भरण्याचं म्हणाल तर तसं काही नसतं. चांदीचे दोन पत्रे घेतात, वरच्यातून बारीक करवतीने नक्षी कापून काढतात, तो खालच्यावर झाळतात, मग खालचा दिसणारा भाग गंधकाच्या रसायनाने काळा करतात. त्या काळ्या भागावर बरेचदा छिन्नीच्या बारीक रेघाही असतात. करवत जरा घसरली की पत्रा वाया.

आणि फिरोजा? या पद्धतीच्या कितीतरी दागिन्यांत एकही खडा नसतो, नुसती चांदी. उलट होटेविला गावचे चार्ल्स लोलोमा सोनं, लाजवर्द, लाकूडसुद्धा वापरायचे, ब्रेसलेटच्या आतल्या बाजूला रत्नं बसवायचे, जी फक्त घालणाऱ्यालाच माहीत. तेही होपीच.

खरं-खोटं बघायचंच असेल तर मागचा शिक्का बघा, बरेच कारागीर आपल्या कुळाचं चिन्ह उमटवतात, आणि बनवणाऱ्याचं नाव विचारा. मूळनिवासींनी न बनवलेला माल "इंडियन बनावटीचा" (इंडियन म्हणजे तिथले मूळनिवासी, भारतीय नव्हे) म्हणून विकणं १९९० च्या अमेरिकन कायद्याने गुन्हा आहे.