वाडीसाठी पॅरिस

पॅरिस एका दिवसात होतं का, असं विचारणारी माणसं मला आवडत नाहीत. होतं का म्हणजे? झालंच पाहिजे. कुडाळला कोकणकन्या पकडून, मुंबईत भाचीकडे रात्र काढून, पुढे विमानात पाय आखडून तुम्ही जोडीने निघालात ते काय पॅरिस बघायला? ते बघायला तिथली माणसं आहेत. तुम्ही चाललात वाडीला दाखवायला. एवढं डोक्यात पक्कं ठेवलंत की दिवस कसा आखायचा ते आपोआप सुचतं.

सकाळी आधी आयफेल टॉवर. उंची ३३० मीटर, पुरा झाला १८८९ साली, मुळात वीस वर्षांनी काढून टाकायचा होता. ही माहिती तुमच्या कामाची नाही. नवऱ्याने खाली उभं राहून गंज शोधायचा. खाऱ्या वाऱ्यात दर चवथीआधी गेट रंगवणारा माणूस, त्याच्याहून लोखंडातलं कोणाला जास्त कळणार? टॉवरला साधारण सात वर्षांनी रंग देतात आणि एका खेपेला साठ टन रंग लागतो, हे ऐकलं की 'आमच्याकडे दोन पावसाळे टिकला नसता' असं मोठ्याने म्हणावं. बायकोला तोवर टॉवरचं टोक चिमटीत धरल्याचा फोटो हवा असेल. त्यासाठी नवऱ्याने जमिनीवर आडवं व्हायचं असतं. दोघांच्या फोटोसाठी कोणाही परक्याच्या हातात मोबाइल द्या, तो एक तर तुमची डोकी उडवेल, नाही तर टॉवरचं. दोन्ही वेळा पुन्हा काढायला लावा. डोकी नसतील तर वाडी विश्वास ठेवणार नाही, आणि टोक नसेल तर विजेचा टॉवर म्हणेल. पायऱ्यांच्या फंदात पडू नका. दुसऱ्या मजल्यापर्यंतच ६७४ आहेत, एवढ्या चढल्यावर माणसाला देव तरी दिसायला हवा.

मग लूव्रचं संग्रहालय. मंगळवारी गेलात तर सुटलात, त्या दिवशी ते बंद असतं. इतर दिवशी थेट मोनालिसा. चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ रुंद, त्यापुढे काच आणि काचेपुढे आंगणेवाडीची रांग. नंबर लागला की तिच्याकडे पाठ करून सेल्फी घ्यायची. इथे एक धोका आहे. पाठ फिरवलीत की तुमचं तोंड नेमकं समोरच्या भिंतीकडे होतं, आणि तिथे व्हेरोनेझेचं जवळजवळ दहा मीटर रुंद चित्र लटकलंय. लग्नाची पंगत आहे. शंभराहून जास्त माणसं, वाढपी, वाजंत्री, कुत्रीसुद्धा. मधोमध येशू बसलाय आणि ज्यांचं लग्न ते नवरानवरी पार डाव्या टोकाला. आमच्याकडे मांडवात आमदार आले की नवरानवरी असेच कडेला सरकतात! पण ही ओळख एकदा पटली की माणूस तिथे तासभर रेंगाळतो आणि पुढची चार ठिकाणं बुडतात. म्हणून नजर मोबाइलवरच ठेवा.

दुपारी कॉफी. युरोचे रुपये करण्यात अर्थ नाही, रुपयांचे बांगडे करा. म्हणजे प्रत्येक घोटाला नीट त्रास होतो.

नोत्र दामच्या चर्चसमोर तोंड बंद ठेवलेलं बरं. एप्रिल २०१९ मध्ये त्याचं छप्पर जळलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते दुरुस्त होऊन उघडलंसुद्धा. आपल्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं होतं. तारखा शेजारी शेजारी मांडू नका, परदेशात देशाचा मान राखावा. पुढे पाँ नफ लागतो. नावाचा अर्थ 'नवा पूल', पुरा झाला १६०७ ला, आणि आज पॅरिसमधला सगळ्यात जुना उभा पूल तोच. 'नवीन एसटी स्टँड' म्हणत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

जवळच दुसरा पूल, पाँ देझार. त्याच्या कठड्याला प्रेमी जोडपी कुलपं लावत. २०१४ मध्ये त्या वजनाने कठड्याचा एक तुकडा कोसळला आणि पुढच्या वर्षी कुलपं काढून टाकली. हळहळू नका. कुलपं बघायला पॅरिस कशाला, आपली अर्धी वाडी कुलपातच आहे. फक्त चवथीला उघडते.

एव्हाना टाचा सोलवटलेल्या असतील. सेन नदीच्या काठावर बायको म्हणेल, "वायच बसया." बसू नका. अजून विजयकमान राहिलीय. शिवाय बसलात की पायातले बूट निघतात, पिशवीतला खाजा निघतो, पाण्यावर संध्याकाळ उतरते, लग्नानंतर कधीतरी तरीतून खाडी ओलांडताना दोघं असेच गप्प बसला होतात ते आठवतं, आणि खिशातून मोबाइल काढायचं राहून जातं. मग त्या अर्ध्या तासाचा वाडीला हिशोब काय देणार?

तेव्हा उठा. कमानीचा फोटो घ्या, झोपा, परत या. ओटीवर सगळे जमले की मोबाइल काकीच्या हातात द्या. ती आयफेल टॉवरवाला फोटो दोन बोटांनी मोठा करील, अजून मोठा करील, चष्मा वर सारून नीट बघील आणि विचारील, "ह्यो शर्ट चवथीक घेतलेलो तोच मा?"