तान्ह्या बाळाच्या यादीत उशी कोण घालतं?

बाळाच्या खरेदीची परत तीच यादी! उशी, लोड, पाळण्याच्या कडेचे मऊ पट्टे, सुगंधी पावडर. अहो, तान्ह्या बाळाला उशी लागतच नाही. घट्ट, सपाट गादी आणि ताणून बसवलेली चादर, संपलं. मऊ वस्तूत नाक दबलं तर त्याला स्वतःला सोडवता येत नाही. पावडर उडून श्वासात जाते, तीही बाद.

आणि सगळ्यात लहान मापाच्या डायपरचे गठ्ठे कशाला? दिवसाला ८ ते १२ लागतात हे खरं, पण बाळ ४-५ किलोचं झालं की तेच मांडीला काचतात. एक-दोन पाकिटं घ्या, पुढची वजन बघून.

झबली पुढून उघडणारी, सहा-सात, आधी धुतलेली. डोक्यातून घालायचे झगे दिसतात गोड. डुगडुगती मान सांभाळत घालून बघा! नाळ पडेपर्यंत डायपरची कड तिच्याखाली दुमडायची, नाहीतर नाळ ओली राहते.

एवढ्या पसाऱ्यात डिजिटल थर्मामीटर मात्र नसतोच. पहिल्या ३ महिन्यांत ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप म्हणजे लगेच डॉक्टर. कपाळाला हात लावून हे कळत नाही!